काटा

लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणला होता तिने.
एकाच पायाचा मोजा. दुसरा कुठे, विचारलं नाही.
स्टाव्हँगरच्या बंदरावर त्या दिवशी आडवा वारा होता,
ती आत आल्यावरही दाराची घंटा हलत राहिली.

"कुणी केला आणि कशासाठी, एवढंच सांग,"
राग्नफ्रिड म्हणाली, कोट न काढता. "विकायचा नाहीये."
विकायचा नाही म्हणणारे निम्मे लोक
तिसऱ्या वाक्याला भाव विचारतात.
तिने विचारला नाही.

तराजूवर ठेवला. काटा थरथरला, मग थांबला:
काट्याचं वजन एक्केचाळीस ग्रॅम.
मूठ सडपातळ, पुढे मात्र फावड्यासारखा रुंद,
पाच आखूड दाते, आणि टोकं सांधणारी आडवी पट्टी.
म्हणजे टोचायचं नाही. उचलायचं.
डावा कोपरा वाकलेला.
"तो मी. रंगाच्या डब्याचं झाकण. नऊ वर्षांची होते."
शेजारच्या थोराचं मत, केकचा.
भाऊ गेरमुन म्हणायचा, बाहुलीचा कंगवा,
"आणि खरंच विंचरलेत मी याने बाहुलीचे केस."

भिंगाखाली मागची बाजू: ८३० आणि एस. चांदी चोख.
शेजारी कारागिराचा ठसा, पुसून पुसून
इतकाच उरलेला: एक गळ,
किंवा नांगराचा अर्धा भाग,
किंवा कुठल्याशा अक्षराची शेपटी.
ठशांच्या वह्या काढल्या. तीन संध्याकाळी गेल्या.
गळवाले दोन सापडले, नांगरवाले चार,
एकाचाही बाक जुळेना.

ती परत आली तेव्हा म्हणालो, नाव नाही देऊ शकत.
पण मुठीवरची ही पानं बघ,
प्रत्येक रेघ उजवीकडून खोल शिरते, डावीकडे विरते.
डावखुरा होता. घाईत नव्हता.
शेवटच्या पानाशी हात घसरलाय,
तिथं एक कळी काढून त्याने वेळ निभावली.
एवढाच माणूस सापडला मला.

"आणि कशासाठी?"
सार्डिनसाठी.
डब्यातला मासा तेलातून अख्खा उचलायचा,
मोडू न देता पाहुण्याच्या ताटात ठेवायचा.

ती खुर्चीवर बसली. पहिल्यांदाच.
"आई एकतीस वर्षं कॅनरीत होती.
भल्या पहाटेपासून मासे सळईत ओवायची,
डोळ्यांतून डोळ्यांत, धुराच्या भट्टीत जायच्या आधी.
मजुरी घड्याळाच्या काट्यावर नव्हती, सळयांवर होती.
घरी आली की हात सोड्याने, मग राखेने, मग पुन्हा सोड्याने.
माशाचा डबा आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही कधी.
हा मात्र होता. सुयांच्या पेटीत.
विचारलं तर म्हणायची, ठेव तिथे."

मुठीच्या मागे चांदी जरा पातळ होती,
अंगठ्याला कळेल इतकीच.
कुणीतरी काहीतरी खरवडून वर झिलई दिलेली.
अशा जागी श्वास सोडायचा असतो.
सोडला.
वाफेत क्षणभर दोन अक्षरं वर आली, वेलबुट्टीची,
बोर्गहिल्डची नव्हेत.
मग गेली.

"काय होतं?"
मी काही बोलायच्या आत तिने काटा ओढून घेतला,
स्वतः श्वास सोडला,
चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिली.
मी तोवर वहीचं एक पान उलटलं,
जे उलटायची गरज नव्हती.

भेट असेल. कुणा मालकिणीने नवं घेताना
टाकून दिलेलं जुनं असेल.
नसेलही.
तराजूच्या काट्याला यातलं काही कळत नाही.

"कोपरा सरळ करून देऊ?"
"नको," ती मोज्यात काटा सरकवत म्हणाली,
"तेवढा तरी माझा आहे."

पैसे मी घेतले नाहीत.
दुसऱ्या सकाळी दाराशी एक डबा होता,
किल्लीने उलगडायचा, चिठ्ठीबिठ्ठी नाही.
रात्री दुकान बंद करून उघडला.
सोळा मासे, खांद्याला खांदा लावून, गप्प.
चाळीस वर्षं लोकांची चांदी उजळतोय,
माझ्या घरात चांदीचा काटा नाही.
बोटांनीच उचलला.
पहिला मोडला.